आहेराचं पाकीट

नाही हो भाऊ, मी कशाले घाबरू — बसा, सरकू नका, कोर्टाचं बाकडं आहे, दोघांले पुरते. आपला अर्ज पक्का आहे. तो एकतर्फी निकाल आज रद्द होते म्हणजे होतेच. चिखलीत कोणालेही विचारा, रंगराव मंडपवाला कसा माणूस आहे. जनरेटर उधारीवर घेतला, हाव, घेतला, पैसे थकले तेही खरं — पण मले न विचारता, मी कोर्टात नसताना, साडेचार लाखांचा हुकूमनामा? अन् आता जप्ती, माझ्या मंडपाच्या सामानावर! तेच सामान पुढच्या महिन्यात माझ्या समीक्षाच्या लग्नाले लागते. बाप मंडपवाला अन् पोरगी उघड्यावर — पाहुणे काय म्हणतीन?

शपथपत्रात काय लिहिलं? समन्स भेटलंच नाही, असं लिहिलं. — हसू नका. म्हणजे, भेटलं असन, पण समन्स म्हणून नाही भेटलं. समीक्षाच्या साखरपुड्याचा दिवस, बीबी गावाहून अडीचशे पाहुणे, बँड वाजून राह्यला, अन् एक माणूस पुढे आला, हातात पाकीट दिलं. साखरपुड्यात पाकीट कशाचं असते? आहेराचं! मी घेतलं, त्याले टोपी-दुपट्टा दिला, नारळ दिला. तो म्हणे सही करा. मी म्हटलं, आहेराले सही कशाची, जेवायले बसा! एवढ्या गर्दीत तोंडाकडे कोण पाह्यते हो.

आता, तो कानाशी काहीतरी बोलला, हे खरं आहे. 'कोर्टातून आलो' म्हणे. ऐकलं मी. ऐकलं अन् बँडवाल्याले हात केला, जोरात वाजव म्हणून. — मग काय करता? व्याही बाजूलेच उभे! पण एक सांगतो, माणूस चांगला होता. चारचौघात नाव घेऊन ओरडला असता तर काय इज्जत राह्यली असती पोरीची? नाही ओरडला. तिच्याकडे पाह्यलं अन् गपचूप मागं सरला. जेवलाही नाही बिचारा. मले वाईट वाटते त्याचं, खरंच वाटते — कारण आमच्या वकीलसाहेबांनी लिहून टाकलं, समन्स वाटणारा बेलीफ घरी आलाच नाही, हॉटेलात बसून खोटा अहवाल लिहिला. चौकशी लागन म्हणे त्याच्यावर. लागू द्या, सरकारी माणूस, त्याचं काय जाते? — नोकरी? नाही हो, एवढ्यातेवढ्यानं नोकरी... जाते का?

जाऊ द्या ते. आज त्याचीच साक्ष आहे, येते का पाहू. तुमचं कोणतं प्रकरण? मघापासून मीच बोलून राह्यलो, तुम्ही तर हूं की चूं —

थांबा, पट्टेवाला पुकारून राह्यला. 'बेलीफ प्रेमानंद...' आला वाटते तो. कुठं आहे, दिसते का तुम्हाले?

अहो — तुम्ही काऊन उठले?