दार लावलं कोणी?

...आणि वर हा वकील मला विचारतो, तारीख सांगा, वेळ सांगा, खोली कुठली ते सांगा, आणि दार लावलं कोणी? अहो, तुम्हाला सांगते, माझं तोंड भिंतीवर घासलेलं, नाकातून रक्त गळतंय, मागून त्या लाल मानेच्या साहेबाचा गुडघा माझ्या कमरेत, मी दार बघू का दात चाचपू?

झालं काय, चौसष्ट साल, आमचे हे न्युरेम्बर्गच्या कारखान्यात फिटर, आणि माझा पासपोर्ट मुक्कामाच्या शिक्क्यासाठी परदेशी लोकांच्या कचेरीत महिनाभर पडलेला. मी गेले चौकशीला. साहेब म्हणतो, पासपोर्ट दाखवा. म्हटलं, तुमच्याच टेबलावर आहे, ती कॉफीची बशी उचला. बशी नाही उचलली, माझा हात पिरगळला. बांगड्या काडकाड फुटल्या, काच मनगटात घुसली. सवाष्णीच्या बांगड्या फोडतोस? मी त्याचा अंगठा चावला. हाडापर्यंत. मग फरफटत नेलं आणि कचेरीतल्याच एका खोलीत कोंडलं, तीन दिवस. शेवटी पासपोर्ट सापडला... बशीखालीच.

मला सोडलं, पण 'बेकायदा राहिलेली बाई' हा शेरा तसाच. तो पुसला नाही तर मला बोटीत बसवणार, आणि हे इथे एकटे, ज्यांना चहासुद्धा उकळता येत नाही. कोंडणं चूक होतं असं कोर्टात ठरलं तरच शेरा जाणार. म्हणून वकील. मध्ये बोलायला मालिनी, पुण्याहून इथे पीएच.डी.ला आलेली.

"काकू, ते म्हणतात मोघम अर्ज टिकत नाही. नेमकं हवं."

"गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे तेच, नेमकं, म्हणत वकील मान हलवतो.

म्हटलं, लिही, सरकारने कोंडलं.

"काकू, सरकारचा हात दाराला लागत नाही. दार लावलं कोणी? आणि तुम्ही बाहेर पडायचा प्रयत्न केलात का?"

केला की! लाथा घातल्या, खुर्ची फोडली. पण आतून दाराला कडी नाही, मूठ नाही, काही नाही.

आता माझं एक चुकलं. तिसऱ्या दिवशी तोच साहेब अंगठ्याला पट्टी बांधून सही घ्यायला आत आला. मी टाचेने दार ढकललं. खाट्. आतून मूठ नाही म्हटलं ना? दोघंही आत. म्हटलं, आता माझ्या बांगड्या मागव. पत्र्याच्या वाडग्याने हाणला त्याला, डोकं, कोपर, जिथे बसेल तिथे. दोन तास तो दार बडवत होता आणि मी त्याला.

गेल्या आठवड्यात त्याचा अर्ज आला. माझ्यावर. कोंडलं म्हणून. वकील वाचत गेला, मालिनी मला सांगत गेली, तसे वकिलाचे डोळे पाणावले, इतका सुरेख अर्ज. तारीख आहे, अकरा ते एक वेळ आहे, आतून मूठ नाही हेही आहे. दार लावलं कोणी? सुलेखा दिनकर पाटणकर, डाव्या टाचेने.

मी चौथी शिकलेली, पण एवढं कळतं. म्हटलं, हाच उतरवून घ्या की, नुसती नावं बदला.

वकील चष्मा पुसत म्हणाला, "नाही जमायचं, बाई. त्यांचं दार तुम्ही लावलंत. तुमचं आपोआप लागलेलं असू शकतं."

घ्या. तीन मजली कचेरी, साठ माणसं, आणि दार लावता येणारी एकटी मी.