नरहरअण्णांनी 'नाही' म्हटलं त्याची गोष्ट

मंडळी, आज देवाच्या आधी तुम्हालाच एक विचारतो. लाज वाटायला साक्षीदार लागतो का हो? चारचौघांत धोतर सुटलं तर लाज वाटते — ठीक! पण मनातल्या मनात काही सुटलं, आणि कुणीच पाहिलं नाही — तर? बघा, पुढचे माना डोलावताहेत, मागचे खांबाआड सरकले! म्हणजे प्रश्न पोहोचला.

तर ऐका. गावाचं नाव सांगत नाही — तिथलं बोलावणं मला अजून यायचंय!

त्या गावात नरहरअण्णा शेटे. एसटीचे ड्रायव्हर. ड्रायव्हर कसे? घाटातल्या वळणावर अशी गाडी फिरवायचे, की बसच्या तोंडाला स्वतःच्याच मागच्या पाटीवरचा नंबर वाचता यायचा! हसू नका, पाहणारी माणसं आहेत... म्हणजे, होती.

निवृत्त झाले, देवस्थानाचे पंच झाले. पण हातांना चैन नाही! जेवताना ताट उजवीकडे वळवायचे. पुतण्यानं ओळखलं, कॉम्प्युटरवरच्या गेमची एक डबी आणून दिली. "काका, हुबेहूब घाट आहे. चालवा बस!"

घरी कॉम्प्युटर कुठला? देवस्थानच्या कचेरीत एक होता — उत्सवातलं कीर्तन घरोघरी दाखवायला घेतलेला. आणि कचेरीची किल्ली कुणाकडे? अण्णांकडे! उत्सवाच्या दुपारी महाप्रसाद जेवून गाव लवंडलं, आणि अण्णा हळूच आत शिरले.

डबी उघडली — आत गेमच नाही! नुसती चिठ्ठी : आधी आमचा लाँचर उतरवून घ्या, गेम तो आणील. बरं बाबा, घेतला. लाँचर म्हणतो, नाव सांगा. सांगितलं. पासवर्ड द्या. दिला. हा नको, अवघड द्या! अवघड दिला, तर अण्णांच्याच लक्षात राहीना! मग म्हणतो, थांबा, आधी मी अपडेट होतो. झाला. म्हणतो, आता गेम अपडेट करतो. अहो, वैकुंठाच्या दारातसुद्धा इतकी चौकशी होत नाही — असं ऐकून आहे, मी अजून गेलेलो नाही!

अण्णा तापले. "अरे, गाडी माझी, तिकीट मी काढलेलं, आणि दारात आडवा पडणारा तू कोण?" रागानं जे जे विचारलं त्याला हो, हो, हो! त्यातच एक प्रश्न होता — 'कॉम्प्युटर सुरू झाला की मीही आपोआप सुरू होऊ का?' हो! वाचतंय कोण? आपण तरी वाचतो का?

शेवटी कॉम्प्युटर बंद करून उठले. बस काही हलली नव्हती.

संध्याकाळी कीर्तन उभं राहिलं. त्याच गावात तात्या गुरव. देवापुढं पखवाज वाजवण्यात हयात गेली, आता अंथरुणाला खिळलेले. त्या दिवशी पूर्वरंग झाल्यावर, बुवांना हार-बुक्का होईतो, त्यांची नात कालिंदी पखवाज वाजवणार होती. पहिल्यांदा! तात्यांच्या उशाशी टीव्ही लावून ठेवला होता.

प्रज्ञाताई — हायस्कुलात गणित शिकवतात — त्या कॅमेऱ्यापाशी. टेबलाशी, कचेरीतून आणलेल्या त्याच कॉम्प्युटरसमोर, आपले अण्णा. कालिंदीनं देवाला हात जोडले, पखवाजाला जोडले, पहिली थाप मारली — आणि अण्णांच्या पुढ्यात खिडकी उघडली. लाँचर! दुपारच्या त्या 'हो'मुळं कॉम्प्युटरबरोबरच जागा झालेला, इतका वेळ दबा धरून होता, आता साऱ्या देवळाचं इंटरनेट घटाघटा पीत बसलेला!

अण्णांनी फुली मारली. गेला! कुठला गेला? खाली कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, बोटाच्या पेराएवढा होऊन बसला. आणि पितोच आहे! तिकडं बुक्का लावणाऱ्यांचे फोन वाजायला लागले — चित्र अडकलं, चित्र अडकलं!

प्रज्ञाताईंनी कॅमेऱ्यामागून विचारलं, "अण्णा, तिथं दुसरं काही चालू आहे का हो?"

मंडळी, इथं थांबा. 'हो' म्हटलं असतं, तर ताईंनी येऊन चुटकीसरशी बंद केलं असतं. पण मग? पंच देवाच्या कॉम्प्युटरवर बस-बस खेळतात, हे गावाला कळलं असतं! अण्णांचे कान तापले.

"नाही," अण्णा म्हणाले.

आणि खाली मान घालून त्या पेराएवढ्या चोराशी झुंजत बसले. इथं दाब, तिथं दाब. लोक ताईंवर करवादले, "जमत नसेल तर कशाला घेता काम?" ताई वायरी तपासत राहिल्या. अण्णांनी ते ऐकलं, आणि पुन्हा दाबत बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. कालिंदी पखवाजावर खोळ घालत होती.

सकाळी अण्णा तात्यांकडे गेले. का गेले? कुणी बोलावलं नव्हतं. पाय गेले.

तात्या म्हणाले, "ये रे अण्णा. अरे, पोरीनं हात वर उचलला, आणि चित्र थांबलं. हात वरचा वरच! खाली यायची वाट बघत बसलो. तू होतास ना तिथं? कशी वाजवली?"

"फार सुंदर, तात्या."

"ते सगळेच म्हणतात. शेवटची तिहाई बरोबर समेवर आली?"

अण्णांनी तोंड उघडलं. आठवू गेले — कानात काही नाहीच! पाच हातांवर पखवाज घुमला होता, आणि एक थाप आत शिरली नव्हती. घाटात चाळीस माणसं पाठीशी घेऊन न डगमगलेला माणूस... खाटेची कड धरून खाली बसला. सगळं सांगितलं. बस, लाँचर, ते 'नाही', ताईंनी खाल्लेली बोलणी — सगळं.

तात्या ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं!

एवढंच म्हणाले, "मी अंथरुणात होतो रे. तू कुठं होतास?"

तुम्ही म्हणाल, बुवा, पोरगी घरी वाजवून दाखवील की! दाखवील. रोज दाखवील. पण पहिल्यांदा एकदाच असतं.

अण्णा तिथून उठले ते थेट हायस्कुलात. मधली सुट्टी, आवार भरलेलं. त्या गर्दीत प्रज्ञाताईंपुढं टोपी काढून उभे राहिले. आता सगळ्यांनी पाहिलं, पण लाजेचं काम केव्हाच झालं होतं. साक्षीदार लागला नव्हता.

अण्णांना हसलात, पोटभर हसलात. आता माझं ऐका. तुमच्याही घरी कुणी खाटेवर आहे. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाची नजर. तुम्ही चप्पल काढाल, तोवर आतून हाक येईल — "आलास? काय सांगितलं रे आज बुवांनी?"

सांगता येईल ना?