माक्वेईचं कातडं

नाही, बसू नकोस, बस म्हणून मी सांगितलेलं नाही — उभ्या उभ्या बोल काय ते, आणि ते कातडं खाली टाक, काखेत धरून काय ठेवलंयस. इथं, राखेच्या ढिगाशेजारी. केसाची बाजू खाली. सुनेचा भाऊ आहेस, सोयरा आहेस, सगळं खरं, आतेर, पण तुमच्या घरचं माणूस गोठणात आलेलं दिसलं की माझं डोकं उठतं, आणि ते मी लपवत नाही, लपवायचं कशाला? नव्या बैलाला गळपट्टा हवाय, घंटेचा. कळलं. तुमच्या गोठणात शिवणारं कुणी उरलं नाही का? आहेत — मग? त्यांचे पट्टे मानेला काचतात. असं. म्हणजे ह्या म्हाताऱ्या न्यिबोलचं तोंड नको, न्यिबोलचा हात हवा. मग धर ते टोक आणि ओढ. ओढ म्हणतेय मी, कुरवाळायला नाही सांगितलं. ती मेख दे. आता दुसरी.

किती दिवस गुंडाळून ठेवलंस हे? घड्या बघ कशा पडल्यात — ओलं असताना ताणायचं असतं, एवढं शेळ्या राखणाऱ्यालाही कळतं. रोगानं मेलं म्हणालास. कुठला रोग? ताप. बरं. तापानं जनावर खंगतं, चरणं सोडतं, आतली चरबी आटून जाते — आणि इथं बघ, पातं नुसतं घसरतंय चरबीवर. चांगलं खाऊनपिऊन ताप आला वाटतं. आणि हे काय? खांद्यामागं, बोट जाईल एवढं. हे भोक काय तापानं पाडलं? माझ्याकडे बघ. मी तुला खोटारडा म्हणतेय, तोंडावर म्हणतेय, आणि तू पायाच्या अंगठ्यानं राख उकरतोयस. भाल्यानं मारलंत ना? मग मारलं म्हण की. पाहुणे येतात, बैल मारतात, त्यात लपवण्यासारखं काय आहे? माझ्याशी खोटं बोलायचं कारण काय तुला?

सोड ते टोक. मी उलटं करून बघते. का नको? हात काढ, आतेर.

हं.

हे बघ मानेवर, केस झिजलेत तिथं. दोन बोटं रुंद, आणि डावीकडे जरा तिरकं, कारण घंटा डावीकडे लोंबावी असं माझ्या वेकला हवं होतं, आणि तो पट्टा मी शिवला होता. मान पांढरी, मागं सगळं काळं. माक्वेई आहे हा. माझ्या पोराला सगळं गोठण ज्याच्या नावानं हाक मारायचं, त्या बैलाचं कातडं तू माझ्याकडे पट्टे कापायला आणलंस. केसाची बाजू खाली टाकली की म्हातारीला ओळखू यायचं नाही, असंच ना? अक्कल कुठं गहाण ठेवलीस रे?

वासरू होतं तेव्हापासून वेकनं त्याची शिंगं वळवली — एक पुढं, एक मागं — टोकांना भोकं पाडून गोंडे बांधले, आणि गोंड्याला लांब केस हवेत म्हणून पार नदीपलीकडं चालत गेला कुणाच्या तरी बैलाच्या शेपटीसाठी. सकाळी त्याच्यापुढं गात चालायचा. बेसूर गायचा, माझा मुलगा असला म्हणून काय झालं, बेसूरच — पण ते जनावर डोकं हलवायचं, गोंडे डुलायचे, आणि पोरी हसून हसून बेजार. गुरं पळवणाऱ्यांच्या मागं गेला तो. बैल परत आला, वेक नाही. मग माझ्या धाकट्यानं, लुआलनं, मेलेल्या भावाच्या, वेकच्या नावानं तुझी बहीण मागितली, म्हणजे अलुएलला होतील ती पोरं वेकची, त्याचं नाव बुडायला नको — तर तुझ्या बापानं देजाची गुरं निवडताना बोट ठेवलं ते नेमकं ह्याच्यावर. बाकीची गुरं कुठलीही द्या, माक्वेई मात्र हवाच. आणि बाईमाणसाला कोण विचारतं. घंटा काढणार नाही, म्हातारा होऊन मरू देऊ, हे शब्द तुझ्या बापाचेच. मी संध्याकाळी पाण्याला वरच्या वळणावर जाते, जवळचा पाणवठा सोडून — सगळ्या हसतात मला, म्हातारीला खोड लागली म्हणतात — तिथून तुमच्याकडची घंटा ऐकू येते. म्हणजे, येत होती. इतक्यात येईना, तर मला वाटलं वारा फिरलाय. वारा कसला.

तू खाल्लंस? खा, तुझं काय नातं होतं त्याच्याशी. तुझ्या बापानं खाल्लं, पाहुण्यांनी खाल्लं, खाऊ देत. पण एक सांग, आणि आता खोटं बोललास तर हे पातं माझ्या हातात आहे. अलुएलनं खाल्लं का? तिथंच आहे ना ती माहेरी, पोराचं दूध सुटेपर्यंत. आपल्यात माणूस स्वतःच्या नावाच्या बैलाचं मांस खात नाही, त्याच्या घरचंही कुणी खात नाही. तिनं तोंड लावलं असेल तर ती वेकची बायको नव्हेच. मग ती लुआलची, आणि ते पोर लुआलचं, आणि माझा वेक नुसता मेला, मागं कुणी नाही, काही नाही. कळतंय का मी काय विचारतेय? तिला वाढलंत का? बघितलं नाहीस. कसं बघशील, हाडं फोडण्यात गुंतला होतास.

थांब. शेपटी कुठाय? ही मुळापासून कापलीय, सोलणाऱ्यानं नाही कापली, कुणीतरी घाईनं वेडीवाकडी कापलीय. कुणाला दिलीत? पाहुण्यांना? नाचताना मिरवायला? बोल की, आता काय लाज राहिलीय.

कुणी?

पुन्हा सांग. अलुएलनं. बैल पडल्या पडल्या सुरी घेऊन आली, सगळ्यांसमोर, आणि शेपटी घेऊन झोपडीत गेली. मग? बाहेर आलीच नाही. तुझ्या आईनं मांस नेलं तर भांडं लाथेनं उडवलं — आणि हे तू आता सांगतोयस, माझ्याकडून ताप आणि भोकं मोजून घेतल्यावर? ती काही बोलली का? गोंडे करायचेत. कुणाच्या बैलाला गोंडे, पोर तर अजून रांगतंय तिचं. मोठा झाल्यावर लागतील म्हणाली. कसं म्हणाली, नीट सांग, तिच्याच शब्दांत. "त्याच्या बापाच्या बैलाची आहे." बापाच्या म्हणाली. लुआल समोर असताना? लुआलही तिथं होता, आणि तो काही बोलला नाही.

काय बघतोयस? शेणकुटांचा धूर आहे, डोळ्यांत जातो.

गळपट्टा मिळणार नाही. आज नाही, कधीच नाही, काचू दे तुझ्या बैलाची मान. कातडं इथं राहील. मी ते राख लावून, लोणी चोळून मऊ करणार, आणि पोर घरी आलं की त्याच्यावर निजेल — खायची बंदी आहे, निजायची नाही. बापाला सांग, न्यिबोलनं ठेवून घेतलं, भांडायचं असेल तर स्वतः ये. आणि तिला सांग, गोंड्याची गाठ — नको, तू काही सांगू नकोस, तू सगळं उशिरा सांगतोस. मीच येईन. तुझ्या झोळीत काय आहे ते? दाखव. घंटा. त्याचीच. आणि तिच्यात गवत कोंबलंयस, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

गवत काढ. ठेव तिथं. आता नीघ.