शनिवार, रविवार आणि एस्तेरचं लगीन

माझं नाव शालन. माहेर कळंबचं, सासर येडगावचं. आमचा आजा गवंडी व्हता, त्येनंच घरात पहिल्यांदा येशूचं नाव आनलं, तवापासून आमी रविवारवाले. रविवारी धुतलेलं लुगडं नेसायचं, मंडळीत, म्हंजे चर्चात, जाऊन बसायचं, पाळक वाचतील ते ऐकायचं, आमेन म्हनायचं. शाळा म्हनाल तर दुसरीतनं सुटली, पाठीवरची तीन भावंडं कोन सांभाळनार, जी काय अक्षरं आली व्हती ती बी पुसून गेली. लगीन झाल्यापास्नं द्राक्षबागेत विरळणी करते, घडातले बारके मनी कातरीनं काढायचे, दिवसभर मान वर, आता माझीच बारा बायांची टोळी हाये. टोळीत माझा शब्द चालतो बरं का भाऊ, घरात मात्र नवऱ्याचा, आन मंडळीत पंचांचा.

एकच लेक, एस्तेर. शिकून नर्स झाली, मंचरला दवाखान्यात लागली. तिला ओझरच्या दानिएलचं स्थळ आलं, पोरगा वायरमन, निर्व्यसनी, आन ख्रिस्तीच, आमच्यातलाच. तरी बी आडलं कुठं म्हनाल, तर वारावर. ती मानसं शनिवारवाली. शुक्रवारी दिवस मावळला का त्यांच्या घरात चूल पेटत न्हाई, शनिवारभर प्रार्थना, शब्बाथ म्हंत्यात. पोराची आई सगुनाबाई, बाई लई करारी, आमच्या दारात बसून म्हनली पोरगी पसंत हाये, पन शनिवारची डूटी चालनार न्हाई, नोकरी सोडावी लागली तरी बेहत्तर, आन रविवारचं चर्च कायमचं बंद. हे आमच्या पंचांच्या कानावर गेलं, तर ते म्हनले शनिवारवाल्यांत लेक देत असाल तर आमी कोनी लग्नाला यायचो न्हाई, तुमी तुमचं बघा. आमचे मालक, रतन त्यांचं नाव, टॅक्टर चालवत्यात, भांडान म्हनलं का लांब पळत्यात, ते म्हनले मोडून टाकू.

काय सांगू तुमाला, पोर रडली न्हाई का भांडली न्हाई. माझ्यासमोर बसली आन म्हनली आई, तू जन्मभर देवाचं करतीस, मला एवढंच सांग, खरा वार कंचा? आन मला सांगता येईना हो. चाळीस वरसं ऐकत आले, पन लिवलंय काय ते मी कधी डोळ्यानं बघितलंच नव्हतं. लाज वाटली. मी सगुनाबाईला आन पंचांना, दोगांनाबी निरोप धाडला, ईस्टर होऊ द्या, मग बसू. चार म्हयने हातात व्हते.

टोळीत मंगल म्हनून बाई हाये, मराठ्याची, सातवी शिकलेली. तिला म्हनलं मला वाचायला शिकीव. ती हसली, म्हनली तुमचा देव बी वार बघतो व्हय गं, मी तर चतुर्थीला ओझरच्या गनपतीला जाते आन बाकीच्या दिवशी घरनंच हात जोडते. पन शिकवलं तिनं, जेवनाच्या सुट्टीत, भाकरी खाता खाता, आदी खताच्या गोनीवरची अक्षरं, मग औषधाच्या बाटलीवरची, मग शास्त्र, आमचं बायबल. एकेका ओळीला पाव पाव तास. कधी वाटायचं ह्या वयात काय जमायचं, डोळ्याला पानी यायचं, तशी मंगल म्हनायची कातर धरायला तरी पहिल्या दिवशी कुठं जमलं व्हतं.

ईस्टर झाला आन आमच्या पडवीत बैठक बसली. आमचे आन त्यांचे असे दोनी पाळक, आमचे पंच, सगुनाबाई, दानिएल, एस्तेर. एक पाळक म्हंतोय सातवा दिवस, दुसरा म्हंतोय पहिला, आवाज चढाय लागले, चहा तसाच गार झाला. मी आतून शास्त्र आनलं आन उभी राहिले. पंच म्हनले शालन, तुला कुठं वाचता येतंय. मी म्हनलं ऐका तर.

बोट ठिवून वाचलं, हळूहळू वाचलं, पन वाचलं. दहा आज्ञांत सातवाच दिवस लिवलाय, म्हनलं मी लपवनार न्हाई. सगुनाबाईची मान ताठ झाली. मग वाचलं, प्रभू उठला तो पहिला दिवस, आन त्येच्या मानसांनी पहिल्या दिवशी जमून भाकर मोडली. आमचे पंच सावरून बसले. मग पौलाच्या पत्रातलं वाचलं, कोन एक दिवस मोठा मानतो, कोन सगळे सारखे मानतो, ज्येनं त्येनं आपल्या मनाची खात्री करावी, दुसऱ्याचा न्याय करू नये.

सगुनाबाई म्हनली ते असू द्या, पन शनिवारची डूटी? मी पान पलटलं. येशू शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात गेला, तिथं हात वाळलेला मानूस व्हता, आन त्येनं त्याच दिवशी त्येला बरं केलं. मी म्हनलं विहीनबाई, माझी लेक दुसरं काय करतीया?

त्यांचे पाळकच पहिल्यांदा हसले. म्हनले शालनबाईंनी दोगांनाबी गप केलं. सगुनाबाईनं पदर सावरला, एस्तेरकडं बघून म्हनली नोकरी न्हाई सोडायची. एस्तेर म्हनली ज्या शनिवारी डूटी न्हाई त्या शनिवारी मी तुमच्यासंग बसन, आन रविवारी जमंल तवा आईकडं जाईन. पंचांनी घसा खाकरला, म्हनले मंडपाचं काम आमच्याकडं लागलं.

बुधवारी लगीन लावलं, कोनाचाच वार नव्हता तो! दोनी पाळकांनी मिळून आशीर्वाद दिला, मंगल सगळी टोळी घेऊन आली, आन आमचे मालक, जन्मात कधी नाचले न्हाईत, ते नाचले.

आता रविवारी मंडळीत शास्त्र मी वाचते. आन शनिवारी दुपारी ओझरला जाते, कारन काय, तर लग्नानंतर कळलं का सगुनाबाईला बी वाचता येत न्हाई, तिचं बी सगळं ऐकीवच व्हतं. तिला शिकवते. जोडाक्षराला आडती, मग माझ्यावरच डाफरती. परवा म्हनली, वाचता आलं ना का तुमाला दावून देते शनिवारच खरा. मी म्हनलं दावा, मी बसलेय. दोगी बी पोट धरून हसलो. चला, ऊन उतरलं, बागंत बाया वाट बघत असतील, देव तुमचं सातीच्या साती वार भलं करो.