बाळाकाकांचा नारळ

...आणि वर सगळे विचारतात, "शेवट झाला का?" अहो, तुम्हाला सांगतो, दोन भाग झाले, तिसऱ्याच्या चार ओळी झाल्या, पण शेवट? शेवट काही येईना! चेलो आणि पियानोसाठी नवी रचना लिहितो, असं मुलुंडच्या संगीत मंडळाला मीच फुशारकीनं सांगितलं होतं ना... पत्रिकेत छापूनही आलं, तीन भाग, संगीतकार हर्षद परब! आयुष्यातली पहिली रचना, ही फसली तर पुन्हा कोण विचारतंय?

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचा, आवाज असा की पोटात हलतं. वाजवणार श्रुतिका, पियानोवर देवेश. श्रुतिका रोज फोन करायची, "हर्षद, शेवट पाठव ना यार, हात बसायला हवा." देवेशचं वेगळंच, म्हणे नसेल सुचत तर हळूहळू आवाज कमी करत जाऊ. म्हणजे काय, पंखा बंद करतोय? कांजूरमार्गला आमच्या घरी मी कीबोर्डवर एक सूर दाबला की आई आतून सांगणार, हा मघाशी पण वाजवलास. लिहायचो, खोडायचो, परत लिहायचो... शेवट काही येईना!

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. दोघांना सांगितलं, दुसऱ्या भागानंतर चाळीस सेकंद शांतता, मग त्या चार ओळी, आणि मग... थांबा. श्रुतिका माझ्याकडे अशी बघत राहिली, की मी चहा आणायला निघून गेलो.

आता आमचे बाळाकाका. मूळ मालवणचे, चाळीस वर्षं भजनात झांजा वाजवतायत. नात्यात कोणी दहावी पास होवो नाहीतर रिटायर होवो, काकांची शाल आणि नारळ ठरलेला. दोन्ही पिशवीत घेऊन पहिल्या रांगेत बसलेले, त्यात आठला भांडुपला भजन, म्हणजे घाई!

दुसरा भाग संपला. शांतता. श्रुतिकाचा गज हवेत, देवेशचे हात हवेत, मी डोळे मिटून मोजतोय... अठरा, एकोणीस... आणि प्लास्टिकची पिशवी कुरकुरली. डोळे उघडतो तर काका स्टेजवर! श्रुतिकाच्या अंगावर शाल, गजासकट. नारळ देवेशला द्यायला गेले, तर त्याला हात खाली घ्यायचं भान नाही, मग काकांनी तो ठेवला... थेट पियानोच्या पट्ट्यांवर, डाव्या टोकाला! धांऽऽऽग! अख्खा हॉल घुमला. आवाज विरेपर्यंत कोणी हललं नाही, आणि मग जी टाळी पडलीय म्हणता, लोक उभे राहिले!

काका खाली येऊन म्हणाले, "सगळे गप रवले, माका वाटला संपला."

संपलंच होतं हो! खरं सांगतो, रडूच आलं मला, दोन महिन्यांत पहिल्यांदा छातीभर श्वास घेतला. मंडळाच्या मृणालिनीताई हात धरून म्हणाल्या, असा शेवट सुचायला धाडस लागतं. मी वाकून नमस्कार केला.

आता येत्या रविवारी घाटकोपरला तीच रचना मागितलीय, त्याच शेवटासकट. मी कागदावर लिहूनही टाकलं, 'इथे नारळ'. गेलो काकांना बोलवायला, तर म्हणतात, "एकाच कामाचो दोनदा सत्कार कोण करता रे?" झालं! श्रुतिका म्हणते, तूच ठेव ना. ठेवून बघितला हो... तोच पियानो, तीच पट्टी, दोन नारळ बदलून झाले. नुसता नारळ ठेवल्यासारखा वाटतो. शेवट काही येईना.