मावशीच्या घरी माझ्या भावाला काय पाजलं

जबाब देणार: रुग्णाची थोरली बहीण, वय ४७ वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात काचा बसवणे, राहणार भाजी बाजारामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावर दुसरा मजला.

मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून मला विचारलं तसं सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझा धाकटा भाऊ, त्याची बायको म्हणजे माझी भावजय, आणि त्यांची मुलगी पलीकडच्या रस्त्याला राहतात. भावाला घरात बारक्या म्हणतात. अंगाने तो आम्हा सगळ्यांत आडवा आहे. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करत होता.

गेल्या वर्षी एका इमारतीत काम चालू असताना लिफ्ट अचानक खाली आली आणि तिच्या खालच्या खड्ड्यात उतरलेला त्याचा सोबती जागीच गेला. बारक्या वर मोटरीपाशी होता. चौकशीत त्याची चूक निघाली नाही. तेव्हापासून तो कामावर गेला नाही. जेवायला बसला की मध्येच हात थांबायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो नुसता झोपून राहायचा.

त्याने मोबाईलवर वाचलं की मोठ्या इस्पितळात अशा लोकांना एका जातीच्या अळंबीतून काढलेलं औषध देऊन पाहतात. त्या अळंबीने माणसाला नसलेल्या गोष्टी दिसतात. मी त्याच्यासोबत गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नीट बसवून सांगितलं की, साठ-सत्तर वर्षांपूर्वी डॉक्टर अशी औषधं उघड देत होते. पुढे ती रस्त्यावर आली, पोरंटोरं घेऊ लागली, सरकारं घाबरली आणि सरसकट बंदी आली. संशोधनही त्यात गुंडाळलं गेलं. आता कुठे परवानगीने पुन्हा सुरू झालंय. बारक्या मान हलवत ऐकत होता. कित्येक महिन्यांनी मी त्याला कशात तरी लक्ष घालताना पाहिलं.

मग बाईंनी विचारलं, घरात कोणाला वेड लागलं होतं का. बारक्याने माझ्याकडे पाहिलं. आमचे काका शेवटपर्यंत वेड्यांच्या इस्पितळात होते, त्यांना आवाज ऐकू यायचे, असं मी खरं ते सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग तुम्हाला हे देता येणार नाही. ज्यांच्या रक्तात तो आजार आहे, त्यांचं डोकं यातून परत येईलच असं नाही." मी विचारलं, मग दुसरं काय? त्यांनी त्याच जुन्या गोळ्या थोड्या वाढवून दिल्या.

बाहेर आल्यावर बारक्या म्हणाला, "ताई, तुला गप्प बसता आलं नसतं का?" त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

जिच्याविरुद्ध माझी तक्रार आहे ती बाई, जिला सगळे मावशी म्हणतात, ती कोणाचीच मावशी नाही. नदीकाठच्या बंगल्यात ती लोकांना गाद्यांवर झोपवून अळंबीचा काढा पाजते आणि मन मोकळं होईल असं सांगते. बारक्याने तिला कसं शोधलं हे मला माहीत नाही. पुढची हकिगत व्हायोलिन शिकवणाऱ्या एका मास्तरांनी मला सांगितली. बायको वारल्यापासून ते मावशीकडे जात होते आणि ज्या शनिवारी बारक्या तिच्याकडे गेला, त्या दुपारी तिथेच होते.

मावशीने कोणालाच आजारपण विचारलं नाही. फोन तेवढे काढून घेतले. काढा घेतल्यावर थोड्या वेळाने बारक्या उठून उभा राहिला आणि "खालून निघा, वरून येतेय" असं ओरडू लागला. त्याने मास्तरांना गादीसकट ओढत दाराकडे नेलं. दुसऱ्या एकीला उचललं. दार बंद होतं म्हणून त्याने खिडकीच्या काचेत हात घातला. मास्तर म्हणाले, ॲम्ब्युलन्स बोलवा. त्यावर मावशी म्हणाली, "ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग पोलीस येतात. सगळेच आत जाऊ. उतरेल थोड्या वेळात." असं म्हणत संध्याकाळ केली. त्याच्या कापलेल्या हाताला नुसता टॉवेल बांधला होता. शेवटी मावशीच्या माणसांनी त्याला गाडीत घातलं आणि इस्पितळाच्या दारातल्या बाकावर ठेवून ते निघून गेले. काय पाजलं याची चिठ्ठीसुद्धा खिशात ठेवली नाही.

खिशातल्या ओळखपत्रावरून भावजयीला फोन आला. डॉक्टर तिला पुन्हा पुन्हा विचारत होते, याने काय घेतलंय. ती म्हणत होती, चहा पिऊन गेलाय. डोक्याला मार लागला असेल म्हणून ते त्याला या खोलीतून त्या खोलीत तपासायला फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः आले, उभ्यानेच सगळं सांगितलं, तेव्हा कुठे योग्य उपचार सुरू झाले.

मी मावशीविरुद्ध तक्रार द्यायला याच ठाण्यात आले, तेव्हा मला नार्कोटिक्सच्या कचेरीत पाठवलं. तिथले म्हणाले, जखमी झालाय ना, मग ठाण्यात जा. पुन्हा इथे आले. आज मला कळलं की गुन्हा दाखल झालेला आहे आणि त्यात आरोपी दोन आहेत, एक माझा भाऊ आणि दुसरे मास्तर. सेवन केल्याचं दोघांनी कबूल केलं म्हणून. मावशीने कबूल केलेलं नाही. तिचा बंगला रिकामा आहे, गाद्यासुद्धा नाहीत.

मी साहेबांना विचारलं, खरं सांगायला आलेला माणूस आरोपी केलात, तर पुढच्या वेळी सांगायला कोण येईल? साहेब म्हणाले, "बाई, परवानगी असली की औषध, नसली की माल. मी काय करू?" मी म्हटलं, बंदी घालू नका असं मी म्हणतच नाही. माझ्या भावाला ते देऊ नये हे डॉक्टरीणबाईंना कळत होतं. पण ॲम्ब्युलन्सला फोन लावणाऱ्याला धरणार नाही, एवढं तरी कुठे लिहून ठेवा. साहेब म्हणाले, कायद्यावर जबाब घेता येत नाही, घटनेचं सांगा.

घटनेचं असं आहे की, बारक्या अजून मनोरुग्णांच्या वॉर्डात आहे. काढा केव्हाच उतरला, असं डॉक्टर म्हणतात. हाताचे टाके काढले. तो मला ओळखतो, आता बोलतोही. मी आत गेले की मला भिंतीला चिकटून उभं राहायला सांगतो, कारण वरून लिफ्ट येत असते. मी उभी राहते. भावजयीलाही सांगतो, तीही उभी राहते. मुलीला आम्ही अजून नेलेलं नाही.

मावशीला शोधावं आणि मास्तरांचं नाव आरोपींतून काढावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

लिहिलेला मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "माझा व्यसनी भाऊ" असं आलं तिथे मी त्यांना थांबवलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग "व्यसनी" खोडलं. तिथे काय लिहू, असं मला विचारलं. काही लिहू नका, म्हटलं. आता मी सांगितलं तसंच आहे. सही केली आहे.