एकशे साठ डाव्या बाह्या आणि एक अर्ज

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या संघटनेच्या प्रमुख, पॅकिंग विभागातल्या आपल्या सगळ्यांच्या अक्का. व्यासपीठावर विराजमान असलेले व्यवस्थापक साहेब. अकरा कारखान्यांच्या महासंघाकडून वेळात वेळ काढून आलेले सन्माननीय पाहुणे. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या कटिंग हॉलच्या मास्तर. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मशीनवाल्या ताई. पहिल्या रांगेतली मास्तरांची लेक. आणि कटिंग, शिलाई, काजे-बटण, इस्त्री, पॅकिंग अशा सगळ्या विभागांतल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

माझ्याआधी पाच जण बोलले. सगळ्यांनी सांगितलं की मास्तर शिस्तीच्या, मास्तर प्रेमळ, मास्तर कारखान्याचा आधारस्तंभ. हे ऐकताना मास्तर टेबलाखाली पाय हलवत होत्या. त्यांना कौतुक सोसत नाही, हे त्यांच्या हाताखाली एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाला कळतं. म्हणून मी कौतुक करणार नाही. मला वेगळंच काम दिलेलं आहे.

पाहुण्यांना आमची रीत माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्या कटिंग हॉलमध्ये मास्तर निवृत्त होताना आपली कात्री पुढच्या मास्तरच्या हातात देतो. पण ती फुकट मिळत नाही. घेणाऱ्यानं आधी उभं राहून, सगळ्यांसमोर, त्या मास्तरच्या हाताखाली केलेली आपली एक चूक सांगायची. चूक खरी हवी आणि स्वतःची हवी. ती ऐकून मास्तरला पटलं, तर कात्री मिळते. ही रीत कोणी सुरू केली ते माहीत नाही, पण ज्यानं केली त्याला माणसं चांगली कळत असावीत.

आता तुम्ही सगळे हसताय, कारण तुम्हाला वाटतंय मी बाह्यांची गोष्ट सांगणार. सांगतो ना. तिच्याशिवाय सुटका नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो, कामाला लागून दोन महिने झाले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या कोटांचं काम आलं होतं, ऐंशी कोट. कापडाचे ऐंशी थर रचले, वर बाहीचा कागदी नमुना ठेवून खडूनं आखलं. एकदा आखल्यावर तो नमुना उलटा करून दुसऱ्यांदा आखायचा असतो, म्हणजे एक बाही डावी आणि एक उजवी निघते. मी तो उलटा केलाच नाही. तसाच सरकवला, आखला, आणि मोठ्या ऐटीत मशीन फिरवली. एकशे साठ बाह्या निघाल्या. एकशे साठच्या एकशे साठ डाव्या!

मास्तर आल्या, एक बाही उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलली. मला वाटलं आज आपला शेवटचा दिवस. त्या म्हणाल्या, "असे डॉक्टर कुठे मिळतात रे, दोन्ही हात डावेच असलेले?" मग पदर खोचला आणि कापडाच्या ताग्यांच्या टोकांना उरलेल्या तुकड्यांतून ऐंशी उजव्या बाह्या काढून दिल्या. जास्तीच्या ऐंशी डाव्या बाह्या त्यांनी घरी नेल्या. त्यांचे यजमान, आपले इस्त्रीतले दादा, यांनी त्यांच्या घड्या शिवून इस्त्रीखाली घ्यायच्या आणि बसायच्या गाद्या केल्या. दादा जाईपर्यंत त्या वापरात होत्या. मी इस्त्री विभागात गेलो की दादा गादी थोपटून म्हणायचे, "बस रे, तुझंच आहे."

दादांना जाऊन अकरा वर्षं झाली. नव्या मुलांनी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की मास्तरांचा आणि त्यांचा संसार हा या कारखान्यात हेवा करण्याचा विषय होता. दुपारच्या सुट्टीत दोघं एका डब्यात जेवायची आणि भांडायचीसुद्धा एकाच डब्यावरून.

तर, ही झाली सगळ्यांना पाठ असलेली चूक. एवढ्यावर कात्री मागितली असती तर मिळालीही असती. पण मास्तर, मला लबाडी करायची नाही. तुमच्या हाताखाली मी दुसरी एक चूक केली आहे, आणि ती या सभागृहात फार तर सात-आठ जणांना माहीत आहे.

दादा गेल्यावर चार वर्षांनी आपल्या शिलाईची यंत्रं दुरुस्त करायला या ताई येऊ लागल्या. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. आधी काजाच्या यंत्रावरून वाद, मग चहा, मग एकत्र घरी जाणं, मग एक घर. दोन वर्षांनी मास्तरांनी संघटनेकडे अर्ज दिला. आपल्या प्रत्येक सभासदाचं कुटुंबकार्ड असतं, त्यावर ज्यांची नावं असतात त्यांना संघटनेच्या दवाखान्यात उपचार मिळतात. मास्तरांनी जोडीदाराच्या रकान्यात ताईंचं नाव लिहिलं होतं.

मी संघटनेचा सचिव, म्हणून तो अर्ज माझ्या टेबलावर आला. समितीत काय काय बोललं गेलं, ते आज ऐकायला बरं वाटणार नाही. एक जण म्हणाला, "मास्तरांचा गोंधळ झालाय, एकट्या पडल्यात बिचाऱ्या." दुसरा म्हणाला, "उद्या दोन-दोन जोडीदारांची नावं घालतील." यावर मास्तर काय म्हणाल्या, ते मात्र ऐकण्यासारखं आहे. म्हणाल्या, "एक नवरा सांभाळताना माझा जीव मेटाकुटीला आला होता. एका वेळी दोन कुठून आणू?"

आणि मी? मी विरोध केला नाही. मी शहाणपणा केला. मास्तरांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "मी करतो हे मंजूर. तुम्ही फक्त अर्जाखाली एक ओळ लिहा. पहिलं लग्न घरच्यांच्या दबावाखाली झालं होतं, मनापासून नव्हतं, असं. मग समितीला समजेल. सगळे सहानुभूतीनं बघतील."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एकशे साठ बाह्यांच्या दिवशीही त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "माझं दादांवर प्रेम होतं. हिच्यावर आहे. यातलं कुठलं तुला खोटं हवंय?"

मी म्हटलं, "मास्तर, तसं नाही. कसं आहे, काही कापडं दोन्ही बाजूंनी वापरता येतात, तसं काहीसं..."

"मी कापड नाही," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यांच्या लेकीनं मला नंतर शब्द शिकवला, बायसेक्शुअल. आपल्या भाषेत उभयलैंगिक. म्हणजे ज्याला पुरुषावरही जीव लावता येतो आणि स्त्रीवरही. यात गोंधळ नाही, अर्धवटपणा नाही, की एकाच वेळी दोघांना धरून बसणं नाही. मास्तरांना हा शब्द पहिल्यांदा सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "लांब आहे जरा, पण मापाला बसतो."

मला वाटलं होतं, आपल्याकडे नाही तर निदान शहरातल्या मोर्चावाल्या मुलांकडे तरी मास्तरांना लगेच जागा मिळेल. ती मुलं चांगली आहेत, अशाच जोड्यांच्या हक्कांसाठी उन्हात चालतात. त्यांनी मास्तरांना बोलावलं, पण काय म्हणाली ठाऊक आहे? "मावशी, व्यासपीठावर सांगा ना, खोट्या लग्नातून तुम्ही कशा मोकळ्या झालात ते." म्हणजे इथे माझी ती ओळ, तिथेही तीच ओळ! मास्तर भाषणाला नाही म्हणाल्या, पण मोर्चाला गेल्या. सगळ्यात शेवटी चालल्या. हातात स्वतः कापून शिवलेला कापडी फलक होता. त्यावर लिहिलं होतं, "नवराही खरा. हीही खरी." पुढच्या वर्षी त्याच मुलांनी तो फलक मागून नेला आणि पहिल्या रांगेत धरला. माणसं शिकतात, वेळ लागतो.

मला चौदा महिने लागले. तेवढा काळ अर्ज माझ्या खणात होता. नामंजूर नाही, मंजूर नाही, नुसता "विचाराधीन". हा शब्द आपण सचिव लोक फार प्रेमानं वापरतो. मग एक दिवस जिन्यावरून पाय घसरून ताईंचं मनगट मोडलं. मास्तर त्यांना घेऊन आपल्या दवाखान्यात गेल्या. खिडकीवरच्या बाईंनी नातं विचारलं. मास्तर म्हणाल्या, जोडीदार. बाई म्हणाल्या, कार्डावर नाव नाही. मोडलेला हात मांडीवर धरून ताई बाकावर बसून राहिल्या, आणि मास्तर दुसऱ्या दवाखान्यासाठी गाडी शोधत फिरल्या. खिडकीवरच्या बाईंचा दोष नाही. त्यांनी समोरच्या भिंतीवर लावलेला नियम पाळला. तो नियम माझ्या अक्षरात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांची लेक संघटनेच्या कार्यालयात आली. भांडायला येईल असं वाटलं होतं. ती खुर्चीवर बसली आणि हळूच म्हणाली, "काका, तुम्ही आईकडून लिहून मागितलंत की बाबांशी लग्न मनापासून नव्हतं. मग मी कशातून आले? दबावातून?"

दादांच्या गादीवर बसून मी चहा प्यायलो होतो. या मुलीला खांद्यावर बसवून कारखान्याच्या स्नेहसंमेलनात फिरवलं होतं. आणि एका कार्डासाठी मी तिच्या बापाला तिच्या आईच्या हातून खोटं ठरवायला निघालो होतो.

अर्ज मी त्याच आठवड्यात समितीपुढे ठेवला. तीन विरुद्ध तीन मतं पडली. निर्णायक मत अक्कांचं होतं. अक्का म्हणाल्या, "मला यातलं फार कळत नाही. पण मास्तर माप सांगतात तेव्हा आपण पुन्हा मोजायला बसतो का? त्या सांगतायत, लिहून घ्या." लिहून घेतलं. अक्का, त्या दिवशी तुम्ही संघटनेची लाज राखलीत, आणि माझीही.

इथे थांबलो असतो तर चूक सांगून झाली असती. पण मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघा. त्या वाट पाहतायत. कापलेला तुकडा बघून त्यांना कळतं की कात्री कुठे अडली होती.

मला अर्जाखालची ती ओळ इतकी सहज कशी सुचली? कारण ती मी आधी एकदा लिहिली होती. कागदावर नाही, मनात. एकोणीस-वीस वर्षांचा असताना एका खोलीत मी आणि आपल्याच हॉलमधला एक जण भाड्यानं राहायचो. जुन्या लोकांना तो आठवेल, सगळे त्याला लंबू म्हणायचे. त्याच्यावर माझं प्रेम होतं. त्याचंही माझ्यावर होतं. दोन वर्षांनी तो दुसऱ्या शहरात कामाला गेला. पुढे माझं लग्न झालं, आणि माझ्या बायकोवर माझा मनापासून जीव जडला. मग मी स्वतःला सांगून टाकलं की आधीचं ते खोटं होतं, वयाचा वेडेपणा होता. मला वाटायचं, एक खरं ठरवायचं तर दुसरं खोटं पाडावंच लागतं. वीसेक वर्षं मी ते पाडत राहिलो. मास्तर दोन्ही खरं धरून माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा मी घाबरलो, आणि त्या भीतीला नियमाचं नाव दिलं.

तो लांबलचक शब्द मलाही मापाला बसतो, मास्तर.

घाबरू नका, दुसऱ्या रांगेत माझी पत्नी बसली आहे, तिला सांगून आलोय. पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं. ती शेंगा सोलत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "आता आहे का कुणी?" मी म्हटलं, "तू आहेस." ती म्हणाली, "मग इतकी वर्षं हे एकट्यानंच कशाला उरावर घेऊन बसलात?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते दोन दिवस मला फार जड गेले, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "समारंभात सांगणार असाल तर पूर्ण सांगा, अर्धवट नको. आणि तो निळा शर्ट घाला." हा घातलाय.

महासंघाच्या पाहुण्यांना एक विनंती. पुढच्या महिन्यात तुमच्या बैठकीत आमचा ठराव येतोय. अकराही कारखान्यांत कुटुंबकार्डावर जोडीदार म्हणून सभासद जे नाव लिहील ते घ्यावं, आणि त्याच्याकडून मागच्या आयुष्याचा खुलासा मागू नये, एवढंच त्यात आहे. ठरावावर आजवर फक्त मास्तरांची सही होती. काल मी तिच्याखाली माझी केली. आज दुपारी बघितलं तर खाली आणखी नऊ सह्या होत्या. त्यातल्या दोन कोणाच्या आहेत हे पाहून मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो, पण ते सांगण्याचा हक्क त्यांचा आहे.

वेळ संपत आली, अक्का घड्याळाकडे बघतायत. समारंभाची व्यवस्था करणाऱ्या शिलाई विभागाचा, पाहुण्यांचा, व्यवस्थापक साहेबांचा आणि शांतपणे ऐकून घेतलंत म्हणून तुमचा सगळ्यांचा मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान ठेवायचा राहून गेला असेल, तर आपला माणूस म्हणून पोटात घाला. त्या अर्जाचं मात्र पोटात घालू नका. चौदा महिने एक माणूस खणात पडून होता, ते पुढच्या महिन्यात मत देताना आठवा.

मास्तर, चूक सांगून झाली. या वेळी दोन्ही बाजू आखल्या आहेत, बघून घ्या.

आता कात्री देता का?